खोक्यावरचा आकडा आणि डब्यातली फिल्म

पुण्यात सदाशिव पेठेतला एखादा वाडा पाडून तिथे इमारत उभी राहायची ठरते, किंवा डेक्कनवरचा बंगला पुनर्विकासाला जातो. माळा रिकामा करताना एक पत्र्याचा डबा हाती लागतो. आत पांढऱ्या चौकटींतल्या स्लाइड्स असतात, बटर पेपरच्या पाकिटांत निगेटिव्हच्या पट्ट्या असतात, कुठे रबराने बांधलेली गुंडाळी असते. मग घरातले कोणीतरी विचारते, “हे सगळे संगणकावर घ्यायचे आहे. कोणता स्कॅनर चांगला?”

या प्रश्नाचे एका वाक्यातले उत्तर असे: आधी डबा उघडून फिल्म ओळखा, मग यंत्र शोधा. एका घराला जो स्कॅनर पुरून उरतो तोच शेजारच्या घराला अपुरा पडतो. कारण दोन्ही घरांतली फिल्म वेगळी असते आणि त्या चित्रांचे पुढे करायचे कामही वेगळे असते. ते कसे ठरवायचे, हे आता टप्प्याटप्प्याने पाहू.

1. आत्ताच का?

फिल्म म्हणजे प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी आणि तिच्यावर जिलेटिनचा पातळ थर. कृष्णधवल चित्रात या थरात चांदीचे सूक्ष्म कण असतात. रंगीत चित्रात चांदी धुऊन निघून जाते आणि तिच्या जागी रंगद्रव्ये राहतात. चांदी दीर्घकाळ टिकते. रंगद्रव्ये मात्र अंधारातसुद्धा हळूहळू उडत जातात, आणि तिन्ही रंग सारख्या वेगाने उडत नाहीत. म्हणून सत्तरच्या दशकातल्या कित्येक स्लाइड्स आज नुसत्या गुलाबी-लाल दिसतात.

पट्टीचेही तसेच. बहुतेक जुनी फिल्म अ‍ॅसिटेट या प्लॅस्टिकची असते. उष्णता आणि दमटपणा यांमुळे ते विघटित होऊ लागते आणि त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, बाहेर पडते. डबा उघडल्यावर आंबट वास आला तर हे सुरू झाले आहे असे समजावे. हे आम्लच पुढच्या विघटनाला वेग देते, म्हणून असा रोल बाकीच्यांपासून लगेच वेगळा ठेवावा. पावसाळ्यात आणखी एक शत्रू येतो, बुरशी. जिलेटिन हे तिचे खाद्यच आहे.

पुण्याला फिल्म जपण्याचे आणि गमावण्याचे, दोन्हींचे धडे ठाऊक आहेत. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही, आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरले. घराघरांतल्या कागदपत्रांबरोबर अल्बम आणि निगेटिव्हही गेल्या. दुसरा धडा चित्रपटांचा. ‘प्रभात’ या चित्रपट कंपनीने 1933 मध्ये कोल्हापूरहून पुण्याला येऊन स्टुडिओ उभारला. त्याच जागेत 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि 1964 मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. जुनी नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असते. 8 जानेवारी 2003 रोजी इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि जुन्या चित्रपटांची मूळ रिळे जळाली. ज्या चित्रपटांच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर उतरवलेल्या होत्या, ते चित्रपट मागे राहिले. घरच्या डब्यालाही हाच नियम लागू आहे: एकच प्रत असणे म्हणजे धोका.

2. डब्यात काय आहे?

एक वही घ्या, खिडकीपाशी बसा, आणि प्रत्येक पाकीट प्रकाशात धरून नोंद करा. चार गोष्टी लिहायच्या: प्रकार, आकार, संख्या आणि अवस्था.

प्रकार तीन. स्लाइडमध्ये चित्र सरळ दिसते, आकाश निळे आणि झाड हिरवे. कृष्णधवल निगेटिव्हमध्ये काळ्याचे पांढरे झालेले असते. रंगीत निगेटिव्हमध्ये रंग उलटे असतात आणि वर सगळीकडे नारिंगी छटा असते.

आकार मोजपट्टीने मोजा. सर्वात जास्त आढळतो तो 35 मिलिमीटरचा रोल, दोन्ही कडांना भोके असलेला. याशिका किंवा नव्वदच्या दशकात घरोघरी पोचलेला कोडॅक केबी-10 वापरणाऱ्यांच्या निगेटिव्ह याच प्रकारच्या. त्यातले एक चित्र 24 × 36 मिलिमीटर असते. स्लाइडची पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची चौकट 50 × 50 मिलिमीटर असली, तरी आतले चित्र बहुधा एवढेच असते.

त्याआधीच्या काळात मराठी मध्यमवर्गीय घरांत अ‍ॅग्फाचा क्लिक-थ्री खूप होता. त्यात 120 क्रमांकाचा रुंद रोल बसे आणि एका रोलवर 12 चौरस चित्रे येत. या निगेटिव्हला भोके नसतात आणि चित्र सुमारे 56 × 56 मिलिमीटर असते. 35 मिलिमीटरच्या चित्रापेक्षा त्याचे क्षेत्रफळ साडेतीन पटींहून अधिक आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे निर्णय त्यावरच फिरणार आहे.

स्लाइडच्या चौकटीही वाचा. साठ-सत्तरच्या दशकांत शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेत, इंग्लंडमध्ये गेलेल्या नातेवाइकांच्या डब्यात ‘कोडाक्रोम’ असे छापलेल्या चौकटी हमखास सापडतात. अनेक चौकटींवर फिल्म धुतल्याचा महिना आणि वर्ष उमटवलेले असते. फोटो कधीचा, या वादाचा निकाल तिथेच लागतो. कोडाक्रोमची फिल्म 1935 पासून 2009 पर्यंत बनत होती. अंधारात ठेवली तर तिचे रंग उत्तम टिकतात, पण प्रोजेक्टरच्या तीव्र प्रकाशात ते लवकर उडतात. तेव्हा नुसते बघण्यासाठी जुना प्रोजेक्टर पुन्हा पुन्हा लावू नका.

फिल्मच्या कडेला ‘सेफ्टी’ असा शब्द असेल तर ती नायट्रेट नाही. ‘नायट्रेट’ असे लिहिलेले आढळले, किंवा 1950 च्या आधीची फिल्म चिकट होऊन पिवळी-तपकिरी पडलेली असेल, तर तिला उष्णतेपासून दूर ठेवा आणि जाणकारांना दाखवा. काचेवरच्या निगेटिव्ह असतील तर त्यांचेही काम व्यावसायिकाकडेच द्यावे.

3. ऑफिसातला स्कॅनर का चालत नाही?

कागद स्कॅन करताना खालून प्रकाश टाकला जातो आणि कागदावरून परत आलेला प्रकाश यंत्र टिपते. फिल्मचे चित्र तसे दिसतच नाही. प्रकाश तिच्या आरपार जावा लागतो. म्हणून फिल्मसाठीच्या सपाट स्कॅनरच्या झाकणातही दिवा असतो, आणि सोबत पट्ट्या व स्लाइड्स बसवायच्या चौकटी मिळतात. झाकणात दिवा नसेल तर काचेवर ठेवलेली स्लाइड काळ्या ठिपक्यासारखी उमटते. बाजारातले बहुतेक घरगुती स्कॅनर आणि प्रिंटरला जोडलेले जवळपास सगळे स्कॅनर या पहिल्याच कसोटीवर बाद होतात.

4. खोक्यावरचा आकडा आणि खरा आकडा

स्कॅनरच्या खोक्यावर सर्वात मोठ्या अक्षरांत डीपीआय लिहिलेले असते, म्हणजे एका इंचात यंत्र किती ठिपके मोजते. 4800, 6400, 7200 असे आकडे दिसतात आणि मोठा आकडा म्हणजे चांगले यंत्र असे वाटते.

इथे रांगोळी आठवा. ठिपके कितीही जवळ जवळ मांडायचे ठरवले, तरी चिमटीतून रांगोळी जाड पडत असेल तर ठिपके एकमेकांत मिसळतात आणि मधली नक्षी दिसत नाही. ठिपके किती मांडले ही एक गोष्ट, किती सुटे दिसले ही दुसरी. खोक्यावर पहिला आकडा असतो. दुसरा आकडा यंत्राच्या आतल्या भिंगावर, फिल्म किती सपाट बसते यावर आणि फोकसवर ठरतो. बारीक रेघांचा नमुना स्कॅन करून तो मोजला जातो.

अशा चाचण्यांमधून काय दिसते? एपसन परफेक्शन व्ही600 या सपाट स्कॅनरचा जाहीर आकडा 6400, पण सुटा दिसणारा तपशील साधारण 1500 डीपीआयचा. त्याच कंपनीच्या महाग व्ही850 चा प्रत्यक्ष आकडा 2300 च्या आसपास. केवळ 35 मिलिमीटरसाठी बनवलेल्या प्लस्टेक ऑप्टिकफिल्म 8200आय चा जाहीर आकडा 7200, प्रत्यक्ष साडेतीन हजारांच्या जवळपास. निकॉनचे कूलस्कॅन 5000 खोक्यावर फक्त 4000 सांगत असे आणि जवळपास तेवढेच देत असे. चौघांत सर्वात लहान दावा त्याचाच होता आणि प्रत्यक्षात तोच पहिला आला. हे यंत्र आता बनत नाही.

म्हणून विक्रेत्याने आकडा सांगितला की प्रत्यक्ष चाचणीतला आकडा शोधा. यंत्र 6400 वर लावून स्कॅन केले तरी जादा तपशील मिळत नाही. फक्त फाइल फुगते आणि वेळ जातो.

5. आपल्याला किती हवे?

आता छोटा हिशेब करू. 24 × 36 मिलिमीटर म्हणजे सुमारे 0.95 × 1.42 इंच. चांगल्या छपाईला इंचाला 300 ठिपके लागतात असे धरू.

खरे 1500 डीपीआय मिळाले, तर 35 मिलिमीटरच्या चित्रातून सुमारे 2130 × 1420 ठिपके मिळतील. ते 300 ने भागले की 7 × 4.7 इंच. अल्बमातल्या फोटोएवढी ही छपाई झाली. मोबाइलवर पाठवायला एवढे पुष्कळ आहे.

खरे 2400 मिळाले, तर 3400 × 2270 ठिपके आणि जवळपास ए-फोर कागदाएवढी छपाई. मोठ्या 4के टीव्हीचा पडदा 3840 × 2160 ठिपक्यांचा असतो, म्हणजे तोही जवळजवळ भरतो.

खरे 3500 मिळाले, तर सुमारे 4960 × 3300 ठिपके. छपाई 16 × 11 इंच, म्हणजे भिंतीवर लावण्याजोगी. साध्या कॅमेऱ्याने हातात धरून काढलेल्या घरगुती फोटोत याहून जास्त तपशील क्वचितच असतो.

आता क्लिक-थ्रीची निगेटिव्ह घ्या. 56 मिलिमीटर म्हणजे 2.2 इंच. त्याच व्ही600 वर, त्याच खऱ्या 1500 डीपीआयने, 3300 × 3300 ठिपके मिळतात. छपाई 11 × 11 इंच. क्लिक-थ्रीचे भिंग साधे होते, त्या निगेटिव्हमध्ये याहून फार बारीक तपशील नसतोच.

म्हणजे जो स्कॅनर 35 मिलिमीटरच्या स्लाइडला तोकडा पडला, तोच आजोबांच्या चौरस निगेटिव्हला पुरेसा ठरला. यंत्र बदलले नाही, फिल्म बदलली.

6. काळोख आणि नारिंगी छटा

तपशिलाइतकीच महत्त्वाची दुसरी क्षमता म्हणजे अतिगडद भागातून काही टिपता येणे. फिल्म किती प्रकाश अडवते याला घनता म्हणतात आणि ती दहाच्या पटीत मोजतात. घनता 1 म्हणजे दहातला एक भाग प्रकाश पलीकडे जातो, 2 म्हणजे शंभरातला एक, 3 म्हणजे हजारातला एक. स्लाइडमधल्या गडद सावलीची घनता साडेतीनच्याही पुढे जाऊ शकते. तिथून चार हजारात एक भाग प्रकाश जेमतेम पोचतो. कमकुवत यंत्राला तिथे फक्त करडा कचरा दिसतो आणि देवघराच्या अंधारात बसलेली आजी नाहीशी होते. निगेटिव्हची घनता बरीच कमी असते, त्यामुळे साधे यंत्रही तिला न्याय देते. थोडक्यात, स्लाइड्स जास्त असतील तर यंत्रावर जास्त खर्च करण्याला अर्थ आहे. स्कॅनरच्या माहितीपत्रकात ही क्षमता ‘डीमॅक्स’ नावाने देतात. तो आकडाही डीपीआयसारखाच फुगवलेला असू शकतो, तेव्हा एक गडद स्लाइड प्रत्यक्ष स्कॅन करून पाहणे उत्तम.

रंगीत निगेटिव्हची नारिंगी छटा हा दोष नव्हे. फिल्ममधली रंगद्रव्ये शुद्ध नसतात, ती नको तो प्रकाशही थोडा शोषतात. त्याची भरपाई व्हावी म्हणून कारखान्यातच ही छटा दिलेली असते. पूर्वी स्टुडिओवाला छपाई करताना ती काढून टाकत असे, आता ते काम सॉफ्टवेअरला करावे लागते. सिल्व्हरफास्ट आणि व्ह्यूस्कॅन ही या कामाची जुनी, भरवशाची नावे. नुसते ‘रंग उलटे करा’ हे बटण दाबून रंगीत निगेटिव्ह सरळ होत नाही, चित्र निळसर-हिरवे होते. कोडाक्रोमही बहुतेक स्कॅनरवर निळसर येते. तिच्यासाठी चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळी निवड दिलेली असते.

7. धूळ, ओरखडे आणि अवरक्त किरण

35 मिलिमीटरचे चित्र भिंतीएवढे मोठे केले की धुळीचा प्रत्येक कणही मोठा होतो. काही स्कॅनर यावर नामी उपाय करतात. साध्या प्रकाशासोबत ते अवरक्त किरणांनीही एकदा फिल्म वाचतात. फिल्ममधली रंगद्रव्ये या किरणांना आरपार जाऊ देतात, पण धूळ आणि ओरखडे त्यांना अडवतात. त्यामुळे फक्त कचऱ्याचा नकाशा मिळतो आणि यंत्र तेवढ्याच जागा आजूबाजूच्या रंगाने भरते. ‘डिजिटल आइस’ या नावाने ही सोय ओळखली जाते.

पण ती सगळीकडे चालत नाही. कृष्णधवल फिल्ममधली चांदी अवरक्त किरणही अडवते. यंत्राला सगळे चित्रच धूळ वाटते आणि ते चेहऱ्याची वाट लावते. कृष्णधवल स्कॅन करताना ही सोय बंद ठेवा. कोडाक्रोमवरही ती जपून वापरावी लागते. तेव्हा डब्यात बहुतांश कृष्णधवल असेल तर या सोयीसाठी जादा पैसे देऊ नका. रंगीत निगेटिव्ह शेकड्यांनी असतील तर मात्र तिच्यामुळे कित्येक तासांची मेहनत वाचते.

साफसफाईचा नियम साधा आहे. रबरी फुग्याने हवा मारा, मग अगदी मऊ ब्रश फिरवा आणि थांबा. तोंडाने फुंकर नको, थुंकीचे कण बसतात. बुरशी लागलेली फिल्म पाण्याने किंवा ओल्या फडक्याने पुसू नका. बुरशीने जिलेटिन आतून विरघळवलेले असते, पाणी लागले की चित्रच निघून येते. ती तशीच स्कॅन करा आणि डाग संगणकावर काढा.

8. पाच मार्ग

पहिला, झाकणात दिवा असलेला सपाट स्कॅनर. व्ही600 च्या चौकटीत एका वेळी 4 स्लाइड्स किंवा 35 मिलिमीटरची 12 चित्रे बसतात, 120 ची रुंद पट्टीही बसते. व्ही850 मध्ये 12 स्लाइड्स किंवा 18 चित्रे. छापील फोटो आणि जुनी पत्रेही त्यावरच होतात. संमिश्र डब्याला हा सोयीचा मार्ग.

दुसरा, फक्त फिल्मचा स्कॅनर. प्लस्टेकच्या 8100 आणि 8200आय या जोडीत अवरक्त सोय फक्त दुसऱ्यात आहे. तपशील उत्तम, पण 120 ची फिल्म यात बसत नाही आणि चौकट हाताने एक एक चित्र पुढे सरकवावी लागते. निकॉन कूलस्कॅन जुन्या बाजारात मिळते. ते घेताना ते कोणत्या जोडणीचे आहे आणि दुरुस्त कोण करणार, हे आधी विचारा. काही कूलस्कॅनना फायरवायर लागते, जे आजच्या संगणकात नसते.

तिसरा, घरातला डिजिटल कॅमेरा. मॅक्रो भिंग, खाली पांढऱ्या प्रकाशाचा एलईडी फलक, फिल्म सपाट धरणारी चौकट आणि कॅमेरा उभा धरणारा स्टँड एवढे जमले की प्रत्येक निगेटिव्हचा फोटोच काढायचा. 24 मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम कॅमेरा 36 मिलिमीटरच्या रुंदीत 6000 ठिपके टिपतो. हिशेब केला तर हे 4200 डीपीआयहून जास्त होते. वेग हा याचा मोठा गुण. एकदा मांडणी जमली की एका दिवसात शेकडो चित्रे होतात. कॅमेरा फिल्मला अगदी समांतर हवा. त्यासाठी फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवा आणि भिंगाचे प्रतिबिंब चित्राच्या बरोबर मध्यभागी येईपर्यंत कॅमेरा हलवा. एलईडी फलक घेताना त्याचा रंगनिष्ठा निर्देशांक, म्हणजे सीआरआय, 95 च्या वर आहे का ते बघा. स्वस्त फलकात लाल रंगाचा प्रकाश कमी पडतो आणि माणसांची कांती मृतवत दिसते.

चौथा, छोटा पडदा असलेला स्वस्त फिल्म कन्व्हर्टर. बटण दाबले की दोन सेकंदांत चित्र. आत मोबाइलसारखा छोटा सेन्सर असतो, गडद सावल्या आणि उजळ आकाश दोन्ही हातचे जातात, आणि बहुधा फक्त दाबलेली जेपेग फाइल मिळते. डब्यात काय आहे याची यादी करायला तो ठीक आहे. कायमच्या प्रतीसाठी मी तो सुचवणार नाही.

पाचवा, व्यावसायिकाकडे देणे. देण्याआधी विचारा: कोणते यंत्र? खरे डीपीआय किती? फाइल तपशील न गमावणारी टिफ मिळेल की फक्त जेपेग? फिल्म शहराबाहेर पाठवणार का? ती त्याच क्रमाने परत मिळेल का? आधी पाच चित्रांचा नमुना करून घ्या, आणि त्यात एक गडद स्लाइड अवश्य द्या.

9. वेळ आणि जागा यांचा हिशेब

समजा डब्यात 600 चित्रे आहेत. साफ करणे, चौकटीत बसवणे, स्कॅन करणे आणि नाव देणे यांत प्रत्येकी 4 मिनिटे धरली तर 2400 मिनिटे, म्हणजे 40 तास. दर रविवारी दोन तास दिले तर 20 रविवार. दसऱ्याच्या सुमारास सुरुवात केली तर फेब्रुवारी-मार्चमध्ये काम संपते, आणि पुण्याची कोरडी हवाही नेमकी याच महिन्यांत मिळते.

जागेचे म्हणाल तर 4960 × 3300 म्हणजे सुमारे 1 कोटी 64 लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याचे तीन रंग दोन-दोन बाइटांत साठवले तर एका चित्राची टिफ फाइल सुमारे 98 एमबी होते. 600 चित्रांना 60 जीबीच्या आत जागा लागते. आजच्या काळात ही काही फार मोठी जागा नाही. तेव्हा मूळ प्रत टिफमध्येच ठेवा आणि नातेवाइकांना पाठवायला तिची जेपेग करा.

यावरून निवड अशी होते:

डब्यात मुख्यतः 120 च्या निगेटिव्ह आणि छापील फोटो असतील, तर मध्यम किमतीचा सपाट स्कॅनर.

मुख्यतः 35 मिलिमीटरच्या स्लाइड्स किंवा रंगीत निगेटिव्ह असतील आणि संख्या काही शेकडा असेल, तर अवरक्त सोय असलेला फिल्म स्कॅनर.

हजारांहून जास्त चित्रे असतील आणि घरात चांगला कॅमेरा वापरणारे कोणी असेल, तर कॅमेरा आणि एलईडी फलक.

शंभराच्या आत असतील, तर यंत्र घेऊच नका, काम बाहेर द्या.

यंत्र घ्यायचेच असेल तर दोन-तीन नातेवाइकांनी किंवा सोसायटीतल्या घरांनी मिळून घ्यावे. एका घराचे काम संपले की स्कॅनर पडून राहतो, तो दुसऱ्या घरी गेलेला बरा. यातली बहुतेक यंत्रे परदेशातून येतात, म्हणून भारतात हमी आणि दुरुस्ती मिळते का, हे पैसे देण्याआधी लेखी विचारून घ्या.

10. नावाशिवाय चित्र अपुरे

कितीही उत्तम स्कॅनर आणला तरी चित्रातली बाई कोण, हे तो सांगणार नाही. ती मोठी आत्या, की आजोबांची मावसबहीण, की वाड्यातली शेजारीण, हे सांगणारी माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. म्हणून स्कॅनिंग पूर्ण होईपर्यंत थांबू नका. मोबाइलवर ढोबळ प्रती काढा आणि आजीच्या, काकांच्या शेजारी बसून एक एक चित्र दाखवा. ते जे बोलतील ते ध्वनिमुद्रित करा. एका चित्रावरून निघालेली गोष्ट त्या चित्राइतकीच जपण्यासारखी असते.

फाइलच्या नावात आधी वर्ष, मग प्रसंग, मग ठिकाण, मग क्रमांक असे लिहा: 1968-मुंज-शनिवारपेठ-012. वर्ष नक्की नसेल तर 196x असे लिहा, म्हणजे यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. त्या निगेटिव्हच्या पाकिटावरही तोच क्रमांक मऊ पेन्सिलीने घाला, म्हणजे फाइलवरून मूळ निगेटिव्ह लगेच सापडेल. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती हव्यात: एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर.

स्कॅन झालेली फिल्म फेकून देऊ नका. हार्ड डिस्क काही वर्षांत बंद पडू शकते, फाइलचे प्रकार बदलतात, आणि उद्याचे यंत्र आजच्यापेक्षा जास्त टिपेल. चित्रपट संग्रहालयेही डिजिटल प्रत काढल्यावर मूळ फिल्म थंड, कोरड्या कोठारात जपतातच. घरी एवढे करता येते: पीव्हीसीच्या प्लॅस्टिक पाकिटांऐवजी पॉलिप्रॉपिलीनची किंवा आम्लरहित कागदाची पाकिटे वापरा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या दर पावसाळ्यानंतर बदला. डबा स्लॅबखालच्या तापणाऱ्या माळ्यावर नको, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीच्या कपाटात नको, आणि पाणी शिरेल अशा तळाच्या खणातही नको.

हे सगळे वाचून स्कॅनरच्या किमती बघायला बसाल, तर आधी एक काम करा. या रविवारी डबा खाली काढा, प्रकार आणि आकार वहीत लिहा, आणि ज्यांची नावे फक्त घरातल्या सर्वात वयस्कर माणसाला माहीत आहेत असे पाच फोटो वेगळे काढा. त्यांच्यापासून सुरुवात करा. स्कॅनर पुढच्या वर्षीही मिळेल, ती नावे मिळतील याची खात्री नाही.